मांजरासाठी

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी मी मासळी घेण्यासाठी बाजारात गेलो होतो. पुढच्या फळीवर बर्फात पापलेट, सुरमई आणि कोळंबी ऐटीत मांडलेली होती. त्यांच्यामागे रोहू आणि कटल्याचे जाडजूड मासे आडवे पडलेले होते. सर्वांत मागे, पाणी वाहून जाण्याच्या पन्हळीला लागून, एका निळ्या टबात बोटाबोटाएवढी चंदेरी मासळी एकमेकांत अडकून पडलेली होती. विक्रेते तिला नुसते ‘मिक्स’ म्हणतात. तिच्यात चार-पाच जातींचे मासे असतात, पण एकाही जातीचे नाव कोणी घेत नाही. मी टबाकडे बोट करून अर्धा किलो द्यायला सांगितले. मावशींनी तराजूत मूठभर मासे टाकत, मान वर न करता विचारले, “मांजरासाठी का?” आणि मी म्हणालो, “हो.” त्यांनी डोकी काढायची का, असे विचारले, तेव्हा मी सवयीने उत्तर दिले, “डोकी राहू द्या, पोटं तेवढी साफ करा.” त्यांनी एकदाच माझ्याकडे पाहिले आणि पाटावर मासे ओतले.

आमच्या घरी मांजर नाही.

खोटे बोलण्याचा प्रसंग इतका क्षुल्लक होता, की तो घरी पोहोचेपर्यंत विसरायला हवा होता. तो विसरला गेला नाही. वयाची पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने, ओळखीच्या शंभर माणसांपैकी एकही आजूबाजूला नसताना, एका मासेविक्रेतीसमोर आपली आवड मांजराच्या नावावर का खपवावी, हा प्रश्न मी मासे धुताना, मीठ लावताना, कढईवर झाकण ठेवताना स्वतःला विचारत राहिलो. त्याचे उत्तर शोधायचे तर मला बरेच मागे, उजनीच्या पाणलोटापर्यंत जावे लागते.

माझी आत्या इंदापूर तालुक्यात दिली होती. १९८० साली उजनीचे धरण पूर्ण झाले आणि भीमेचे पाणी मागे सरकत सरकत तिच्या घरापर्यंत, मग घरावरून पुढे गेले. मी तिच्याकडे सुट्टीला जाऊ लागलो तोवर ती माणसे नव्या गावठाणात, एका रांगेतल्या घरांत राहायला आलेली होती. ज्वारीचे उत्तम रान पाण्याखाली गेले होते, आणि उन्हाळ्यात पाणी उतरले की पळसदेवाचे जुने देऊळ जसे वर येई तसा कधी कधी त्या रानाचा वरचा बांध उघडा पडत असे. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, संध्याकाळी भोयांच्या होड्या काठाला लागण्याच्या वेळी पिशवी घेऊन जात. परत येऊन पिशवी ओट्यावर ठेवताना ते एकच वाक्य म्हणत: “घ्या, आपल्याच रानातला मासा.” लहानपणी मला तो विनोद वाटत असे आणि मी हसत असे. आत्या हसत नसे.

त्या पिशवीत बहुतेक वेळा मृगळ असे. रोहू आणि कटला हे त्याचे सख्खे शेजारी, पण त्यांना भाव मिळे म्हणून ते टेम्पोत भरून पुण्याकडे जात. मृगळ काठावर उरत असे. हे तिन्ही मासे मूळचे गंगेकडचे. १९५७ साली ओडिशात हिरालाल चौधरी यांनी अशा माशांना संप्रेरकाची सुई टोचून तळ्यात अंडी घालायला लावली, आणि मग त्यांची बोटुकली देशभरच्या धरणांत सोडता येऊ लागली. आत्याच्या ज्वारीच्या रानात गंगेचा मासा आला तो असा. मृगळ तळाशी चरतो, तोंड खाली वळलेले असते, अंगाने सडपातळ, आणि काटे म्हणाल तर घासागणिक. मामा म्हणत, “देवानं आधी काटं केलं, मग उरल्या जागंत मासा भरला.”

हे काटे नेमके असतात कुठे, ते मला पुष्कळ उशिरा समजले. पापलेटाचा किंवा चिलापीचा कणा उचलला की बरगड्यांसह सगळा सांगाडा एका ओढीत बाहेर येतो, आणि ताटात नुसते मांस उरते. मृगळ, रोहू आणि त्यांच्या कुळातल्या इतर माशांच्या अंगात मात्र कण्याला न जोडलेले असे वेगळेच बारीक काटे असतात. ते मांसाच्या दोन थरांमधल्या पडद्यात सुटे रुतलेले असतात, आणि पुढच्या भागातल्या अनेकांची टोके दुभंगलेली असतात. कॉमन कार्प या त्याच कुळातल्या माशात असे शंभराच्या आसपास काटे भरतात. कणा कितीही कुशलतेने काढला तरी ते जागचे हलत नाहीत. पण त्यांच्या बसण्यात एक व्यवस्था असते. पोटाकडच्या तुकड्यात फक्त बरगड्या असतात, मोठ्या आणि सहज दिसणाऱ्या. सुटे काटे पाठीकडे असतात, आणि शेपटीच्या भागात कण्याच्या वर व खाली दोन्हीकडे. आत्याला यातला एकही शास्त्रीय शब्द ठाऊक नव्हता, तरी वाढताना पोटाचा तुकडा लहान मुलांना, पाठीचा मोठ्या माणसांना आणि शेपटीचा स्वतःला, हा तिचा क्रम कधीही चुकला नाही.

तिची साफसफाई हा एक सोहळाच होता. विळीवर पाय रोवून ती बसत असे आणि आधी विळीच्या बोथट पाठीने शेपटीकडून डोक्याकडे खवले काढत असे. खवले तिच्या कोपरापर्यंत चिकटत आणि वाळले की चमकत. मग पोटाला एक लहान छेद, त्यात दोन बोटे, आणि आतडी बाहेर येत असताना पित्ताच्या हिरव्या पिशवीवर सगळे लक्ष. ती फुटली तर तो भाग कितीही धुतला तरी कडू लागतो. पोटाच्या आतून एक काळसर पातळ पडदा असतो, तो ती खरबरीत फडक्याने पुसून काढी. शेवटी डोके. या माशांच्या जबड्यात दात नसतात. दात असतात घशात, कल्ल्यांच्या मागे, आणि त्यांच्या आसपास गाळ अडकलेला असतो. ते हाड ती बोट घालून, मनगटाला एक झटका देऊन उपटून काढत असे आणि माझ्या हातावर ठेवत असे. त्या दातांना मी बोट लावून पाहत असे आणि सुटी संपली की ती वाळकी हाडे खिशातून घरी आणत असे. आईने ती नेहमी केरात टाकली.

मग वासाचा प्रश्न येई. गोड्या पाण्यातल्या माशाला चिखलाचा वास येतो, अशी समुद्रकाठच्या माणसांची तक्रार असते आणि ती खोटी नाही. पाण्यातले काही नीलहरित शेवाळ आणि मातीतले काही जिवाणू जिओस्मिन नावाचा एक पदार्थ तयार करतात. तो कल्ल्यांतून माशाच्या अंगात जातो आणि चरबीत साठतो. गंमत अशी की, वळवाच्या पहिल्या सरीनंतर जमिनीतून उठणाऱ्या ज्या वासावर आपण कविता करतो, त्यातही हेच जिओस्मिन असते. अंगणात आला तर मृद्गंध, ताटात आला तर चिखल! जिओस्मिन आंबटपणात टिकत नाही, हे रसायनशास्त्र सांगते. आत्या तुकड्यांना मीठ आणि हळद चोळून घट्ट चिंचेच्या कोळात तासभर ठेवत असे, चिंच नसली तर आंबट ताकात, आणि का ठेवतेस असे विचारले तर म्हणे, “रान निघून जातं त्यातलं.”

तळण्याच्या तुकड्यांना ती चिरा देत असे, आणि माझ्या मते सगळी विद्या त्या चिरांत होती. पाठीच्या आणि शेपटीच्या तुकड्यांवर, कातडीसकट, सुरीच्या पात्याने एकमेकींना अगदी लागून उभ्या चिरा द्यायच्या; दोन चिरांमध्ये ज्वारीचा दाणा जेमतेम मावेल एवढेच अंतर. सुरी पार कण्यापर्यंत पोहोचली पाहिजे, पण तुकडा सुटता कामा नये. सुरी नीट चालत असेल तर एक बारीक करकर ऐकू येते. तो आवाज काटे तुटल्याचा असतो. आवाज आला नाही तर चिरा उथळ आहेत असे समजावे. मग आले, लसूण आणि काळे तिखट चिरांत बोटाने भरायचे, वरून ज्वारीचे पीठ लावायचे, आणि शेंगदाण्याच्या तेलात आधी मंद आचेवर, थोडा वेळ बाहेर काढून ठेवून पुन्हा कडक तेलात, असे दोनदा तळायचे. तुटलेले काटे तेलात कुरकुरीत होतात आणि दाताखाली पापडाच्या कडेसारखे वाजतात. काटे काढून टाकता येत नाहीत म्हणून ते खाण्याजोगे करायचे, ही युक्ती कोणाला पहिल्यांदा सुचली असेल ते सांगता येणार नाही. चीनमधले स्वयंपाकीही काटेरी माशांना अशाच चिरा देतात, हे वाचले तेव्हा मला आत्याचा उगाच अभिमान वाटला.

डोके आणि पोटाचे तुकडे कालवणात जात. भाजलेला कांदा, सुके खोबरे, भरपूर लसूण, चिंच, आणि वर तरंगणारा लालकाळा तवंग. त्यात ज्वारीची भाकरी कुस्करून जेवायला बसले की आत्या मध्येच दटावत असे: “आधी जिभंनं बघायचं, मग दात लावायचा.” घास तोंडात गेल्यावर लगेच चावायचा नाही. जिभेने तो टाळूवर हलकेच दाबायचा, काटा कुठल्या दिशेने आहे ते ओळखायचे, त्याला दातांच्या फटीत आणायचे आणि ओठांतून बाहेर काढायचे. बोलत बोलत हे जमत नाही. म्हणून आत्याच्या घरी माशाच्या दिवशी जेवताना कोणी बोलत नसे. एरवी पाण्यावरून, मोबदल्यावरून, भावकीवरून सतत चालणारा कलकलाट तेवढा अर्धा तास थांबत असे आणि ताटांच्या कडेला काट्यांच्या लहान लहान राशी वाढत जात. मी आठ वर्षांचा असताना एकदा माझ्या घशात काटा अडकला. आत्याने आधी न चावता भाकरीचा घास गिळायला लावला, ज्याने तो आणखी रुतला, आणि मग मला दारात उजेडाकडे तोंड करून उभे केले व दोन बोटांनी तो काढला. दुसऱ्या दिवशी ताटात पुन्हा मासा होता. भीतीला तिच्याकडे सवड नव्हती.

माझी सासुरवाडी अलिबागची. तिथे पहिल्यांदा जेवायला बसलो तेव्हा मला मासा खाता येतो की नाही, याची परीक्षा होती हे मला नंतर कळले. ताटात करली होती. करली ज्यांनी खाल्ली आहे त्यांना मी काही सांगायला नको. तिच्या अंगातही तेच सुटे, टोकाला दुभंगलेले काटे, तितकेच दाट. मी आत्याच्या शिस्तीने, न बोलता, एकेक काटा ताटाच्या कडेला मांडत जेवलो. सासऱ्यांनी ताटाकडे पाहून मान डोलावली आणि मी पास झालो. “देशावरचा असून काटे बरे काढतोस,” ते म्हणाले. मी उत्साहाने सांगितले, की आमच्याकडे मृगळ असतो, त्यावर हात बसला आहे. त्यांचा चेहरा किंचित बदलला. “गोड्या पाण्यातला?” ते म्हणाले. “छे, त्याला काटे फार.”

ताटात करलीचे काटे असताना उच्चारलेले ते वाक्य मी अनेक वर्षे कौतुकाने जपून ठेवलेले आहे. म्हणजे अडचण काट्यांची कधीच नव्हती. करलीचे काटे हा खानदानी नखरा आहे, बंगाली माणसाच्या इलिशचे काटे म्हणजे संस्कृती आहे, आणि मृगळाचे काटे हे मात्र गैरसोय. उजनीच्या काठी, भिगवणच्या रस्त्यावरच्या हॉटेलांत पुण्याची मंडळी रोहित पक्षी पाहून झाल्यावर चिलापी फ्राय खातात, ती चिलापी तर आफ्रिकेतून आलेली. १९५२ साली ती भारतात आणली गेली आणि आता धरणात तिचेच राज्य आहे. तिला मान मिळाला, कारण तिचा कणा एका ओढीत निघतो आणि गप्पा मारत खाता येते. मला चिलापीचा राग नाही, मीही ती खातो. पण तिला खाण्यासाठी काही यावे लागत नाही.

मृगळ आमच्या घरातून गेला तो मात्र माझ्या चुकीने. मुलगी चार वर्षांची होती. मी हौसेने तिला भरवत होतो, पोटाचाच तुकडा होता, पण त्याच्या वरच्या कडेला पाठीकडचा थोडा भाग राहून गेला होता आणि माझे लक्ष एका फोनकडे गेले. ती रडू लागली, मग रडताना खोकू लागली, लाळ गळू लागली. रात्री साडेदहाला दवाखान्यात डॉक्टरांनी चिमट्याने तो काटा काढला आणि पांढऱ्या कापसावर ठेवून आम्हाला दाखवला. अर्ध्या इंचाचा, पांढरा, टोकाला दुभंगलेला, मुलांच्या बेचकीसारखा. पत्नी मला एक शब्दही बोलली नाही. नंतर घरात सुरमई आणि पापलेटच येऊ लागले, आणि मीही कधी विषय काढला नाही. आत्याने मुलांना वाढताना पोटाच्या तुकड्याची वरची कड नखाने चाचपून पाहिलेली मी असंख्य वेळा पाहिली होती. पाहिले होते, शिकलो नव्हतो.

आत्या गेली, मुलगी शिकायला दुसऱ्या शहरात गेली, आणि गेल्या दोन-तीन वर्षांत मी पुन्हा अधूनमधून गोड्या पाण्यातली मासळी आणू लागलो. पण पत्नी बाहेरगावी असेल त्या दिवशी, चोरट्यासारखी. त्यातही बहुतेक वेळा ‘मिक्स’, कारण ही बारकी मासळी काट्यांसकट खायची असते आणि तिथे काही निवडायचे नसते. मासे मिठाने जाड्याभरड्या टोपलीत घोळले की खवले निघतात. मग रुंद बुडाच्या भांड्यात लसूण, हिरवी मिरची, हळद, थोडे तेल आणि नेहमीपेक्षा दुप्पट चिंच; वर झाकण, झाकणावर पाणी, आणि अगदी मंद आच. ढवळायचे अजिबात नाही, फडक्याने दोन्ही कान धरून भांडेच गोल हलवायचे. तासाभराने चिंच आणि वाफ मिळून काटे इतके मऊ करतात, की मासा डोक्यापासून शेपटीपर्यंत भाकरीबरोबर जातो. डोक्यापाशी एक कडवट, दाट चव लागते, जी मला सगळ्यांत आवडते आणि जिचे वर्णन मला कधीही नीट करता आलेले नाही.

एक गोष्ट मनात टोचत राहते, ती सांगायला हवी. मी ज्या मोरीत हे मासे धुतो, तिचे पाणी मुळा-मुठेला जाते. मुळा-मुठा दौंडच्या वर भीमेला मिळते. आणि भीमा उजनीत थांबते. पुण्याचे सांडपाणी पुरते शुद्ध न होताच त्या पाण्यात जाते, हे आता सर्वांना माहीत आहे. भिगवणहून शंभरेक किलोमीटर प्रवास करून टेम्पोने आलेला हा मासा म्हणजे एका अर्थी आमच्याच मोरीतले पाणी फिरून परत आले. मामांचे “आपल्याच रानातला मासा” मला हल्ली हसवत नाही. खायचे सोडावे इतका मी शहाणा नाही, आणि बेफिकीर खावे इतका निर्ढावलेलाही नाही. जाणवण्याजोगा वास आला तर टाकून देतो, एरवी चिंच वाढवतो.

तर ते ‘हो’. मी मावशींना हो म्हणालो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे त्या नव्हत्याच, सासऱ्यांचा तो किंचित बदललेला चेहरा होता, आणि त्याच्यामागे कापसावरची ती बेचकी होती. मांजराच्या मागे लपणे सोपे होते. आता वाटते की, आत्या त्या बाजारात माझ्या शेजारी उभी असती तर तिने मला तिथेच फटकारले असते, आणि तेही मांजराचा अपमान केला म्हणून नव्हे.

दोन आठवड्यांनी मी पुन्हा गेलो. दुपारचे दीड वाजले होते, गिऱ्हाईक सरले होते, आणि मावशी फळीच्या मागे खोक्यावर बसून डबा खात होत्या. भाकरी, कांदा, आणि डब्याच्या झाकणात चिंचेत आटवलेली तीच बोटाएवढी मासळी, डोक्यांसकट. मला पाहून त्यांनी हात झटकला आणि हसत विचारले, “काय म्हणतंय मांजर?”

“मावशी, मांजर नाही,” मी म्हणालो. “मीच खातो.”

“ठाऊक हाय की,” त्या म्हणाल्या. “मांजरासाठी कुणी पोटं साफ करून नेतंय व्हय?”

मी काय बोलावे ते न सुचून टबाकडे पाहत राहिलो. त्यांनी हात धुतला, तराजू पुढे ओढला आणि गंभीरपणे विचारले, “मग आता माणसाचा भाव लावू का?” मी लावा म्हणालो. त्यांनी अर्धा किलो तोलले, पोटे साफ केली, पैसे मागच्याइतकेच घेतले, आणि पिशवीची गाठ मारण्याआधी वरून मृगळाचे एक मोठे डोके आत टाकले.

“हे मांजराला,” त्या म्हणाल्या.